शिव्या देण्याची तालीम

मनोहरराव पाध्ये यांच्याशी माझी ओळख झाली ती त्यांच्या बसण्यावरून. सिंगापुरात हौगांगला आमच्या इमारतीखाली मोकळी जागा आहे, इथले लोक तिला व्हॉइड डेक म्हणतात. तिथे सिमेंटची टेबलं आणि भोवती गोल बाकडी. बाकड्यांना पाठ नाही, त्यामुळे म्हातारी माणसं आपापल्या परीने बसतात. कोणी वाकून, कोणी कोपर टेकून, एक चिनी आजोबा तर दोन्ही पाय वर घेऊन. हा एक माणूस मात्र ताठ. पावलं जमिनीला, हात मांडीवर, नजर समोर. मागून कोणी ढकललं तर हलायचं नाही असं ठरवून बसल्यासारखा. मी मुलाला, विश्वासला, म्हणालो, खाली कोणी मिलिटरीतला पेन्शनर बसतो. तो म्हणाला, अण्णा, ते मिलिटरीतले नाहीत, मराठी आहेत, ठाण्याला रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होते. मराठी म्हटल्यावर मी चहाचा कप तसाच ठेवून लिफ्ट गाठली.

माझं शिक्षण माण तालुक्यातल्या गावच्या शाळेत सातवीपर्यंत, आणि पुढे सगळी हयात एसटीत कंडक्टर. बोलल्याशिवाय मला जेवण पचत नाही. सिंगापुरात लिफ्टमधली माणसं मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभी राहतात, आणि मी त्यांच्याकडे. तेव्हा मनोहरराव भेटले म्हणजे मला दुष्काळात विहीर लागली. पहिल्याच दिवशी विचारलं, असं बसायला कोणी शिकवलं? ते म्हणाले, "मी शिकवायचो. दुसऱ्यांना."

पुढचं बाहेर काढायला मला एक आठवडा लागला, कारण माणूस अतिशय दमलेला होता. दमलेली माणसं मी खूप पाहिली आहेत, ऊसतोडीची पाहिली आहेत, डबल ड्युटीचे ड्रायव्हर पाहिले आहेत. ती माणसं झोपली की ताजी होतात. मनोहररावांचं वाक्य अर्ध्यात सुटायचं आणि कुठे सुटलं ते त्यांना सापडायचं नाही. कोपी, म्हणजे इथली कॉफी, मागवायचे आणि ती गार होईपर्यंत तिच्याकडे बघत राहायचे. ही गोष्ट दोन हजार सोळा सालची. तेव्हा त्यांनी ऐंशीला हात लावला होता.

आता त्यांच्या बसण्याची कथा.

एकोणीसशे एकोणसाठ साली मनोहरराव बोटीने अमेरिकेला गेले. वाईचा मुलगा, मिशनची शिष्यवृत्ती, विषय रसायनशास्त्र. कॉलेज दक्षिणेकडे, टेनेसी राज्यात, आणि ते कृष्णवर्णीय मुलांचं कॉलेज होतं. मी आपला काळी मुलं म्हणायचो. मनोहरराव म्हणाले, चालेल, पुढे तीही स्वतःला तेच म्हणायला लागली, आणि मान वर करून.

त्या शहरात मोठमोठी दुकानं होती. काळ्या मुलांनी तिथे वही घ्यावी, सदरा घ्यावा, त्यांचे पैसे गल्ल्यात गोड लागायचे. पण त्याच दुकानात एका बाजूला खाण्याचं काउंटर असायचं, समोर उंच स्टुलं, आणि त्या स्टुलांवर मात्र काळ्या माणसाने बसायचं नाही. मला हे फार समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या गावच्या हॉटेलाबाहेर खुंटीला वेगळी कपबशी टांगलेली असायची, ती मी लहानपणी रोज बघत होतो.

मुलांनी ठरवलं, जायचं आणि स्टुलांवर बसायचं. चांगले कपडे घालून, अभ्यासाचं पुस्तक घेऊन. वाढलं नाही तरी बसायचं. मारलं तरी उठायचं नाही, उलटा हात टाकायचा नाही, उलटं बोलायचं नाही. ताठ बसायचं आणि तोंड काउंटरकडे ठेवायचं.

पण नुसतं ठरवून हे होत नाही हो. विशीतल्या पोराच्या थोबाडीत बसली तर त्याचा हात त्याला न विचारता उठतो. म्हणून एका चर्चच्या तळघरात तालीम सुरू झाली. खुर्च्या ओळीने मांडायच्या, हेच काउंटर. काही मुलांनी खुर्च्यांवर बसायचं, आणि बाकीच्यांनी गोरे गुंड व्हायचं. ढकलायचं, केस ओढायचे, तोंडावर धूर सोडायचा आणि वाटेल ते बोलायचं.

मनोहरला खुर्चीत बसायचं होतं. पण तो परदेशी. पोलिसांनी पकडलं तर शिक्षण अर्ध्यावर आणि पुढच्या बोटीने घरी. म्हणून त्याचा मित्र क्लॅरन्स, गणिताचा विद्यार्थी आणि तालमीचा म्होरक्या, त्याला म्हणाला, तू गुंड हो.

आता वाईचा सोवळ्यातला मुलगा! घरात 'गाढवा' म्हटलं तरी वडील चूळ भरायला लावायचे. त्याला इंग्रजीत शिव्याच येत नव्हत्या. मग त्या त्याला शिकवल्या कोणी? त्याच मुलांनी. त्यांच्याच वर्णावरच्या, त्यांच्याच आयाबहिणींवरच्या. "असं नाही, जोर पहिल्या अक्षरावर दे," म्हणून सुधारायचे. मनोहर खोलीवर जाऊन रामः रामौ रामाः घोकावं तशा त्या घोकायचा.

पहिल्या दिवशी त्याला एका मुलाच्या मानेवर पेलाभर पाणी ओतायचं होतं. याने पळीने तीर्थ द्यावं तसं ओतलं. सगळे हसले, क्लॅरन्स हसला नाही. म्हणाला, "इथे तू दया दाखवलीस तर तिथे हा मार खाताना चिडेल, आणि चिडला की मेला. नीट ओत."

मग मनोहर नीट ओतायला लागला. सिगारेट ओढत नव्हता, ती धूर सोडण्यासाठी शिकला. ओडेसा नावाची एक मुलगी होती, ती तालमीत त्याच्या बोलण्याने ढसाढसा रडली, आणि पुढे खऱ्या काउंटरवर तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. हे सांगताना त्या दमलेल्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा रंग आला. तालीम संपली की सगळे एकाच पातेल्यातलं खायचे, आणि ज्याला सगळ्यात जास्त शिव्या घातल्या त्याच्या शेजारी मनोहरने बसायचं, असा क्लॅरन्सचा नियम होता.

पदवी घेऊन मनोहरराव परत आले, ठाण्याच्या कारखान्यात लागले आणि देवगडकडच्या संजीवनीशी लग्न झालं. संजीवनीबाई शाळेत ग्रंथपाल होत्या. वाचनालयात बोलतात तेवढ्याच आवाजात घरीही बोलायच्या. एकुलता एक मुलगा यशोधन बँकेत लागून सिंगापूरला आला, इथलाच नागरिक झाला, आणि वडील निवृत्त झाल्यावर दोघांना घेऊन आला. पाया लेबारला त्याचं ऑफिस. सून मेधा हिशेबनीस. सगळं सुरळीत होतं, आणि मग संजीवनीबाईंना विसर पडायला लागला.

आधी चष्मा, मग गॅस, मग माणसं. सकाळी बाई शांत असायच्या, जुनी मासिकं उलटीसुलटी चाळत बसायच्या. पण दिवेलागण झाली की अंगात कोणी शिरल्यासारखं व्हायचं. नवरा म्हणजे घरात घुसलेला परका पुरुष, मुलगा म्हणजे चोर, सून सटवी. आणि त्या हळू आवाजाच्या बाईच्या तोंडून अशा शिव्या, की मी पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा हातातला डबा घेऊन दारातच थबकलो. त्यातल्या दोन मी अख्ख्या नोकरीत ऐकल्या नव्हत्या, खास देवगडच्या असाव्यात. मनोहरराव मला म्हणाले, "अण्णा, आपल्याकडे निदान थंडीत दिवस लवकर मावळतो, उन्हाळ्यात उशिरा. काही फेरबदल असतो. इथे बारा महिने दिवस एकाच वेळेला मावळतो. तिची वेळ चुकत नाही."

त्या वेळेला ते तिच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. ताठ, हात मांडीवर. ती बोलायची, कधी पेला फेकायची. ते उत्तर द्यायचे नाहीत. एकदा पेला कपाळाला लागला आणि चार टाके पडले. तेव्हापासून यशोधनने धसका घेतला. त्याने मदतीला बाई ठेवली, ती म्यानमारची, पळाली. दुसरी ठेवली, ती रडत रडत एजंटाकडे गेली. तिसरी इंडोनेशियाची सुलास्त्री. चाळिशी उलटलेली, दोन मुलं तिकडे आईकडे ठेवून आलेली, कामाला वाघ. संजीवनीबाईंना न्हाऊ घालावं तर तिनेच. पण एका संध्याकाळी बाईंनी तिच्या दंडाला असा चिमटा घेतला की काळंनिळं झालं, आणि सुलास्त्रीने मेधाला सांगितलं की महिना संपला की मला दुसरं घर बघू द्या. एजंट म्हणाला, चौथी मी देणार नाही.

यशोधनने मग बुकित पंजांगकडे एक नर्सिंग होम बघून ठेवलं. स्वच्छ होतं, नर्स चांगल्या होत्या, असं तो म्हणाला, आणि तो खोटं बोलणारा माणूस नाही. तिथे एक पलंग रिकामा होता. सोमवारी हो की नाही सांगायचं होतं.

हे मनोहररावांनी मला खाली बाकड्यावर सांगितलं. नर्सिंग होम वाईट नव्हे, म्हणाले. पण तिथे तिला मराठीत शिव्या देता येतील, ऐकणाऱ्याला एक अक्षर कळणार नाही. "दिलेली शिवी कोणाला कळतच नसेल तर ती बाई किती एकटी पडेल, अण्णा." आणि पुन्हा वाक्य सुटलं. मग एकदम म्हणाले, "तुमच्याकडे शिव्यांचा साठा बरा असेल."

मी म्हणालो, साठा विचारता? झिजलेलं पन्नास पैशांचं नाणं परत दिलं म्हणून लोकांनी माझ्या सात पिढ्या काढल्या आहेत. एकेक शिवी मी तिकिटासारखी जपून ठेवली आहे. ते म्हणाले, मग उद्या दुपारी घरी या. संजीवनी झोपलेली असते. सुलास्त्रीची तालीम घेऊ.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. सिंगापुरात आल्यापासून मला कोणी काम म्हणून सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघराच्या दाराशी एक खुर्ची मांडली. सुलास्त्रीला त्यावर बसवलं. मनोहररावांनी तिला तिच्या इंग्रजीत समजावलं की हे आजोबा आता मॅडम होणार आहेत, तू घाबरायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, ताठ बसायचं. मी संजीवनीबाईंची शाल अंगावर घेतली. ते पाहून ती तोंडावर हात धरून हसायला लागली. मीही हसलो. मनोहरराव हसले नाहीत. म्हणाले, नीट ओता.

मग मी नीट ओतायला घेतलं. "मुडदा बशिवला तुझा," इथून सुरुवात केली आणि चढत गेलो. टेबलावर हात आपटला, तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं. तिला मराठी कळत नव्हती, पण शिवी कळायला भाषा लागत नाही. तिचं हसू गेलं. मान खाली गेली, हात पोटाशी घट्ट मिटले आणि ती म्हणाली, "सॉरी मॅडम."

मनोहरराव म्हणाले, मान वर ठेव, सॉरी म्हणू नकोस. तिने मान वर केली. मी पुन्हा सुरू झालो. पुन्हा मान खाली, पुन्हा सॉरी. पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी तर मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली. आणि तरी, खरं सांगतो, मला वाटत होतं आता हिला जमायला लागेल.

"थांबा," मनोहरराव म्हणाले. ते भिंतीला टेकून उभे होते. ताठ राहणारा माणूस, पहिल्यांदाच टेकलेला पाहिला. मला मराठीत म्हणाले, "ही हे शिकूनच आली आहे. हिला काय शिकवतोय आपण? त्या मुलांना मी मान वर ठेवायला शिकवत होतो. ती त्यांच्या स्वतःच्या हक्कासाठी बसली होती, मनात आलं असतं तर उठून घरी गेली असती. हिला उठायची सोयच नाही. आणि हिला मी त्या खुर्चीत बसवलंय."

सुलास्त्रीने विचारलं, सर, मी कपडे वाळत घालायला जाऊ का?

ते तिच्यासमोर बसले आणि म्हणाले, कपडे राहू देत. तुला काय हवं, ते सांग. तिला वाटलं हाही तालमीचाच भाग, तिने माझ्याकडे पाहिलं. मी शाल काढून ठेवली. मग ती हळूहळू बोलली. सकाळची मॅडम मला आवडते, म्हणाली, माझ्या केसांना तेल लावते, मला कुठल्याशा नावाने हाक मारते. न्हाऊ घालणं, भरवणं, सगळं मी करीन. पण संध्याकाळी मला खाली जाऊ द्या. अंधार पडून मॅडम निवेपर्यंत मी त्या खोलीत नाही बसणार. तेवढं झालं तर मी राहते.

"झालं," मनोहरराव म्हणाले. "संध्याकाळी तू खाली."

ती गेल्यावर मी म्हणालो, म्हणजे संध्याकाळी पुन्हा तुम्हीच. आणि टाके पडले की पुन्हा नर्सिंग होम. ते म्हणाले, मी एकटा नाही पुरणार, हे मला कळतंय. यशोधनला बसवायला हवं.

यशोधन भला माणूस, पण आईच्या खोलीत संध्याकाळी जायचाच नाही. आधी जायचा. आईने चोर म्हटलं की हा म्हणायचा, आई, मी यशोधन. ती म्हणायची, खोटं. मग हा ओळखपत्र आणायचा, मुंजीतला फोटो आणायचा. बँकेतला माणूस, त्याला वाटायचं पुरावा दाखवला की समोरच्याने मान्य करावं. जितके पुरावे, तितकी ती खवळायची. शेवटी त्याने जाणंच सोडलं. मेधा म्हणायची, त्याला वाटतं आईने ओळखलं नाही तर आपलं खातंच बंद झालं.

शनिवारी दुपारी मी गेलो तेव्हा तीच खुर्ची मांडलेली होती आणि यशोधन हाफ पँटवर तिच्यात बसला होता, दाढी काढायला बसवल्यासारखा. या वेळी मला शाल मिळाली नाही. मनोहरराव म्हणाले, हे मीच करतो.

सुरुवातीला नेहमीचंच. चोरा, कोण रे तू, कपाटाच्या किल्ल्या टाक. यशोधन बापाकडे बघून कसनुसा हसत होता. मग मनोहरराव वाकले, त्याच्या खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवले आणि अगदी संजीवनीबाईंच्या हळू आवाजात म्हणाले, "माझा मुलगा असा नव्हता. माझा मुलगा असता तर मला या पिंजऱ्यात आणून टाकलं नसतं. इथे माझ्याशी बोलायला एक माणूस नाही. तुला आई नको होती, तुला घर सांभाळायला म्हातारी हवी होती."

यशोधन ताडकन उठला. "आई असं कधी बोलत नाही."

"आज नाही बोलली. उद्या बोलेल. बस."

"हे आई बोलतेय की तुम्ही?"

मी पंख्याकडे बघायला लागलो. असल्या वेळी माणसाने पंख्याकडे बघावं. मनोहररावांना धाप लागली होती. ते म्हणाले, "तालमीत ते विचारायचं नसतं. बस."

यशोधन बसला. पुन्हा सगळं झालं, आणखी वाईट झालं. मी इथे लिहीत नाही. तो दोनदा म्हणाला, "पण बाबा, हे खरं नाहीये," आणि दोन्ही वेळा मनोहरराव म्हणाले की खरं-खोटं करायला ती कोर्टात बसलेली नाही. तिसऱ्या वेळी तो काही बोलला नाही. फक्त ओठ दाबून समोर बघत राहिला, आणि डोळ्यांतून पाणी येत होतं ते पुसलंही नाही. मनोहररावांनी त्याच्या टकलावर हात ठेवला, शेजारी स्टूल ओढून बसले आणि मेधाला म्हणाले, काहीतरी खायला आण, याला आणि मला एकाच ताटात.

खाता खाता यशोधनने विचारलं, "उद्या मला नाही जमलं तर?"

तेव्हा मनोहररावांनी ती गोष्ट सांगितली, जी त्यांनी मलाही सांगितली नव्हती. खऱ्या दिवशी ते दुकानासमोर रस्त्यापलीकडे उभे होते. आत जायची त्यांना बंदी होती, क्लॅरन्सचीच. काचेतून दिसत होतं. क्लॅरन्सच्या पाठीवर कोणी जळती सिगारेट टेकवली, तो हलला नाही. मग त्याला स्टुलावरून ओढून पाडलं. पोलीस आले, मारणाऱ्यांना सोडून मार खाणाऱ्यांना घेऊन गेले. आतल्या लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या वाजवल्या. आणि वळून बघतात तो त्याच स्टुलांवर दुसरी मुलं बसलेली. चांगले कपडे, हातात पुस्तक. ती नेली, तर तिसरी.

"एकानेच शेवटपर्यंत बसायचं असं कोणी ठरवलंच नव्हतं," मनोहरराव म्हणाले. "मी मात्र इथे दोन वर्षं तेच करत बसलो. तुला नाही जमलं तर ऊठ. फक्त हाक मार. खुर्ची रिकामी पडू द्यायची नाही, एवढंच."

मेधा ओट्यापाशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "हाक मलाही मारा म्हणजे झालं. यशोधनला नुसता चोर म्हणतात, मला सटवी. माझा नंबर आधी लागला पाहिजे." त्या घरात इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा तिघांना एकदम हसताना ऐकलं. फार नाही, थोडंसंच.

रविवारी सुलास्त्रीची सुट्टी. ती पाया लेबारला तिच्या गाववाल्या बायकांत गेलेली. मी दिवेलागणीच्या आधी गेलो, म्हटलं राखीव फळीत एक माणूस असावा. बाहेर आकाश बघता बघता काळं झालं आणि आत आवाज चढला. यशोधन आत गेला. दार उघडं ठेवलं होतं. मी, मनोहरराव आणि मेधा बाहेरच्या सोफ्यावर, तिकीट काढून बसल्यासारखे.

चोरा, म्हणाली. तो गप्प. किल्ल्या दे. गप्प. मग वाटी आपटल्याचा आवाज आला. मेधा अर्धी उठली, मनोहररावांनी तिचा हात धरून खाली बसवलं. मग देवगडच्या त्या दोन्ही शिव्या आल्या, एकीमागून एक. मी मनात म्हटलं, काय खणखणीत आहेत, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. यशोधनचा आवाज नाही. ती थकायची, थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. एकदा तो म्हणाला, "मेधा." एवढंच. मेधा आत गेली, तो बाहेर आला, भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. आतून सटवी ऐकू आलं. थोड्या वेळाने तो आपणहून परत गेला आणि मेधा बाहेर आली. तिच्या गालावर नखाचा ओरखडा होता आणि ती पंजाने वारा घेत होती.

"पुढचा नंबर बाबांचा," ती म्हणाली.

आम्ही वळून पाहिलं. मनोहरराव झोपले होते. मान मागे सोफ्यावर पडलेली, तोंड उघडं, हात कुठेही. ताठपणा सगळा गेलेला. बारीक घोरत होते. आत संजीवनीबाईंचा आवाज चालूच होता, आणि हा माणूस त्या आवाजात असा झोपला होता की मी एसटीच्या मागच्या सीटवरही कोणाला तसं झोपलेलं पाहिलं नाही.

मेधा म्हणाली, दिवेलागणीला झोपू नये म्हणतात, उठवू का? मी म्हणालो, लक्ष्मीला सांगू आज मागच्या दाराने ये.

आतला आवाज हळूहळू उतरला. यशोधन बाहेर आला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर छातीपासून पोटापर्यंत आमटी होती. आई झोपली, म्हणाला. मेधाने विचारलं, उद्या त्या नर्सिंग होमला काय कळवायचं? मी फोन करू?

"मी करतो," तो म्हणाला. "नको म्हणून सांगतो." आणि सदरा बदलायचा सोडून तो मनोहररावांच्या शेजारी बसला, त्यांची लोंबकळणारी मान हळूच उचलून त्याने आपल्या खांद्यावर घेतली. आमटी त्यांच्या गालाला लागली. तरी ते जागे झाले नाहीत. मी चपला हातात घेऊन दार ओढलं.